नऊशे एकसष्ट माळढोक

इतिहासात काही आकडे असे असतात की त्यांच्यापुढे आणखी काही लिहू नये असे वाटते. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, हा त्यांपैकी एक. हजार नव्हे, साडेनऊशे नव्हे, नेमके नऊशे एकसष्ट. इतका नेमका आकडा वही ठेवल्याखेरीज हाती येत नाही. म्हणजे हा माणूस माळावरून परतला की बंदूक पुसून ठेवण्याआधी किंवा नंतर, पण न चुकता, टिपण करीत असला पाहिजे. सरासरी काढली तर वर्षाला अठ्ठेचाळीस, महिन्याला चार. २०१८ च्या सुमारास अभ्यासकांनी संपूर्ण भारतात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास धरली होती. एका जिल्ह्यात एका माणसाने त्याच्या सहापट पक्षी मारले, आणि तेवढे मारूनही विसाव्या वर्षी त्याला मारायला पक्षी मिळतच होते.

या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही अधिक लक्ष वेधू इच्छितो. ९६१ हा जसा क्रौर्याचा पुरावा आहे तसाच तो समृद्धीचाही आहे. ज्या माळाला आज आपण ओसाड म्हणतो तो त्या काळी किती भरलेला होता, याची साक्ष त्याच्या मारेकऱ्याच्या वहीतून मिळावी, ही इतिहासाची एक चमत्कारिक रीत आहे. १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पालथा घालणारा विल्यम हेन्री साइक्स हा दुसरा साक्षीदार. त्याने १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. हा पक्षी दख्खनात सर्रास आढळतो आणि एका गृहस्थाने हजार माळढोक मारले आहेत, अशी नोंद त्याने केली. ते गृहस्थ मॅन्सफील्डच असावेत, असे मानण्याचा मोह कोणालाही होईल.

तारखाही बोलक्या आहेत. नगरचा किल्ला वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये घेतला. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. म्हणजे मॅन्सफील्डच्या वीस वर्षांतली पहिली नऊ वर्षे पुण्यात पेशवे गादीवर असताना गेली. राज्य पुरते हाती येण्यापूर्वीच माळावरची शिकार सुरू झाली होती.

हा माळ कसा असतो ते पाथर्डीकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. गर्भगिरीच्या डोंगररांगा, त्यांच्या उतारावर मुरूम आणि खडक, मधूनमधून बोरी-बाभळी, पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने कमरेपर्यंत येणारे आणि मग सोनेरी होऊन आडवे पडणारे गवत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा सारा पट्टा. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, पलीकडे बीडचे आष्टी, खाली सोलापूरचे करमाळा. नकाशावर जिल्हे वेगळे असले तरी माळ एकच. ब्रिटिश गॅझेटियरच्या काळी तर पाथर्डी हा स्वतंत्र तालुकाही नव्हता, तो शेवगावात मोडे. पक्ष्याला या हद्दींशी कर्तव्य नव्हते. त्याला हवे होते ते लांबवर दिसणारे मोकळे रान, टोळ आणि भुंगेरे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, आणि माणसाच्या पायरवापासून थोडे अंतर.

माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांतला अतिशय वजनदार पक्षी. नर मीटरभर उंच आणि पंधरा किलोपर्यंत भरतो. विणीच्या काळात तो गळ्याखालची पिशवी फुगवून घुमतो आणि तो खोल आवाज दूरवर जातो. काही भागांत त्याला ‘हूम’ म्हणतात, ते नाव ऐकताच आवाज कानात उतरतो. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर एक अंडे घालते, बहुधा वर्षाकाठी एकच. गाय, बकरी, नांगर, कोल्हा, कुत्रा यांतले काहीही त्यावरून जाऊ शकते. ज्या प्राण्याचा वंश असा एका-एका अंड्याने पुढे सरकतो, त्याला बंदुकीचा हिशेब झेपत नाही. ससे आणि तितर मारले तर ते दोन पावसाळ्यांत भरून निघतात. माळढोक भरून निघत नाही.

हेच गणित गोरिलाचे. गोरिलाची मादी साधारण चार वर्षांनी एक पिल्लू देते. म्हणून आफ्रिकेतल्या त्या महाकाय वानराची कथा आणि आपल्या माळावरच्या पक्ष्याची कथा एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. डोंगरी गोरिलाची पाश्चात्त्य विज्ञानाशी ओळखच गोळीने झाली. ऑक्टोबर १९०२ मध्ये रॉबर्ट फॉन बेरिंगे या जर्मन कप्तानाने विरुंगा पर्वतात साबिन्यो ज्वालामुखीच्या उतारावर दोन गोरिला मारले. त्यांतल्या एकाचा सांगाडा बर्लिनला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले ते मारणाऱ्याचे: ‘बेरिंगेई’. ते आजही तसेच आहे. १९२१ मध्ये अमेरिकेचा कार्ल एकली न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी तिथे गेला. त्याच्या तुकडीने पाच गोरिला मारले. पेंढा भरलेले ते गोरिला काचेमागे अजून उभे आहेत. पण एकलीच्या बाबतीत काहीतरी वेगळे घडले. मारलेल्या प्राण्याचा चेहरा त्याला छळू लागला. त्याने बेल्जियमच्या राजाकडे आग्रह धरला आणि १९२५ मध्ये त्या पर्वतावर आफ्रिकेतले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. दुसऱ्या वर्षी एकली तिथेच, मिकेनोच्या उतारावर, वारला आणि तिथेच पुरला गेला.

मॅन्सफील्डच्या वहीतून असा एकली निघाला नाही. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचे नाव भावनगरच्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजींचे. शिकारीच्या परंपरेत वाढलेल्या या माणसाने पुढे माळढोकाचा ध्यास घेतला आणि १९६९ मध्ये देशभरात १,२६० च्या आसपास पक्षी उरले असावेत असा अंदाज मांडला. पण तोपर्यंत दीड शतक उलटले होते. आणि आमच्या मते या दीड शतकात बंदुकीपेक्षा मोठे काम दुसऱ्याच एका हत्याराने केले होते. ते हत्यार म्हणजे महसुलाचे दप्तर.

माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे मराठी राज्याला ठाऊक होते. घोडदळावर चालणाऱ्या राज्याला गवताची किंमत कळावीच लागते. सरकारी कुरणे राखली जात, त्यांत चोरून गुरे घालणाऱ्याला दंड होई. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती याच गवतावर पोसली गेली. घोडदळ मोडले तसे कुरणाचे प्रयोजनही मोडले. कंपनी सरकारला घोड्यापेक्षा सारा प्यारा होता. १८३६ मध्ये इंदापुरापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या मोजणीची पद्धत रुळली आणि पुढे ती दख्खनभर पसरली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला प्रत आणि प्रतीप्रमाणे आकार. नांगराखाली न आलेल्या जमिनीला या पद्धतीत एकच ओळख उरली: पडीक. सरकारी धोरणाचा सारा रोख पडीक जमीन लागवडीखाली आणण्याकडे. रयतेच्या दृष्टीने पाहिले तर त्यात गैर काही नव्हते. हलका सारा आणि हक्काचे शेत कोणाला नको असते? पण भाषेत एक घोटाळा कायमचा शिरला. जंगल तोडले तर निदान ‘जंगल तोडले’ असे म्हणतात. माळ नांगरला तर ‘जमीन सुधारली’ असे म्हणतात. आजही तसेच म्हणतात.

ज्या शब्दाने माळ नासला, त्याच्याच जातीच्या शब्दाने माळावरची माणसेही नासली. पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो, आणि महाराष्ट्रभरचे भटके समाज तिथे एकत्र येतात. मढीला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात ते यामुळेच. वैदू, गोपाळ, कैकाडी, मदारी, पारधी यांच्यातील कित्येकांचे पोट शतकानुशतके माळावर, तिथल्या मुळ्यांवर, ससे-तितरांवर, वाटांवर चालले. फासेपारध्याचा फास केसांच्या दोऱ्यांचा. त्यात एका वेळी एक पक्षी अडके. त्याला पक्ष्याची चालण्याची वाट, बसण्याची जागा, अंड्याचे दिवस ठाऊक असत. बैलगाडीच्या आडून घिरट्या घालत माळढोकाच्या जवळ जाण्याची जी युक्ती साहेबांच्या शिकारवर्णनांत येते, ती गाडी हाकणारा आणि पक्षी दाखवणारा कोणी स्थानिक माणूसच असणार. साहेब सुट्टी संपवून गेला आणि ‘खेळाडू शिकारी’ ठरला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी जन्मतःच गुन्हेगार ठरला. तो कलंक कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कागदावरून, हे मुद्दाम म्हणतो.

विसाव्या शतकाची कथा पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून लांबवीत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी आली आणि जो पक्षी माणसाला पाचशे पावलांवरून ओळखून दूर सरे, तो जीपपुढे हतबल झाला. चित्ता याच काळात देशातून गेला. मग पाणी आले. भंडारदरा १९२६ मध्येच झाले होते. स्वातंत्र्यानंतर मुळा, जायकवाडी, कुकडी, उजनी. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नगर जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यातही आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आला. तरीही इथली हजारो माणसे दसऱ्यानंतर कोयता घेऊन दुसऱ्यांच्या उसात जातात. उसाने या भागाला काय दिले आणि कोणाला दिले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच की पाट जिथे पोचला तिथला माळ एका पिढीत नाहीसा झाला, आणि ज्या शेतकऱ्याने तो मोडला त्याला दोष देण्याचा अधिकार आयती साखर खाणाऱ्या आमच्यासारख्यांना नाही.

याच काळात माळढोक राष्ट्रीय पक्षी होता होता राहिला. सालिम अली यांचा त्याच्या नावाला पाठिंबा होता. १९६३ मध्ये निवड झाली मोराची. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकले तर ती शिवी होते, ही अडचण पुढे केली गेली असे सांगतात. मराठीत हे नाव लिहिताना अशी कोणतीच भीती नव्हती. पण राष्ट्रीय पक्षी मराठीत निवडत नसतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला पहिल्या अनुसूचीत बसवले. त्याच सालचा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. आणि इथे एक विलक्षण योग आहे. दुष्काळप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमात सोलापूरजवळ नान्नज येथे काही जमिनी चराई बंद करून गवतासाठी राखल्या गेल्या. हेतू गुरांच्या वैरणीचा. पण गवत वाढले आणि माळढोक तिथे विणीला आले. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्यांच्याकडे लक्ष वेधले आणि महाराष्ट्राला कळले की आपल्याकडे अजून माळढोक आहे. जुन्या कुरणाची कल्पनाच नकळत परत आली होती. पक्ष्याला तेवढे पुरले होते.

पण सरकारला तेवढे पुरले नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतल्या तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्रावर माळढोक अभयारण्य जाहीर झाले. नगरकडील नेवासे, श्रीगोंदे, कर्जत हे तालुके त्यात आले. क्षेत्रफळ नगर जिल्ह्याच्या निम्म्याइतके. त्यात गावे, बाजारपेठा, रस्ते, बागायती शेते, सगळे काही. खुद्द वनखात्याच्या ताब्यातली जमीन मात्र तुकड्या-तुकड्यांची आणि थोडी. ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्याच्या जमिनीच्या व्यवहारात, घरात, विहिरीवरच्या विजेत आणि गावच्या रस्त्यात पुढे हा पक्षी आडवा येऊ लागला. मॅन्सफील्डच्या गोळीने पक्षी मेले होते, पण पक्ष्याविषयी लोकांच्या मनात वैर नव्हते. ते या अधिसूचनेने पेरले. मध्य प्रदेशात शिवपुरीजवळच्या करेरा अभयारण्यात हीच कथा थोड्या लहान प्रमाणावर घडली. खाजगी शेतांवर लादलेले अभयारण्य, लोकांचा संताप, आणि १९९०च्या दशकात माळढोक पूर्ण नाहीसा. आपल्याकडे २०१० नंतर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आटवले गेले. तोपर्यंत पक्षीच आटले होते. मधल्या काळात वनखात्याने उरल्यासुरल्या गवताळ तुकड्यांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली. कारण वनखात्याच्या हिशेबातही झाड नसलेली जमीन म्हणजे पडीकच. अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखाद-दुसराच पक्षी दिसल्याच्या नोंदी आहेत.

याच नगर जिल्ह्यात, कर्जतजवळ, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. तिथे काळवीट टिकले आणि वाढले. कुंपणाबाहेरच्या शेतांतही जाऊ लागले. काळवीट लहान जागेत निभावतो, माळढोकाला विस्तीर्ण रान लागते, हा फरक खराच. तरीही कागदावरच्या साडेआठ हजारांपेक्षा प्रत्यक्ष राखलेले दोन चौरस किलोमीटर मोठे ठरू शकतात, हे आमच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

विरुंगाकडे पुन्हा वळू. १९८०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या डोंगरी गोरिलांची संख्या २५४ इतकी उतरली होती. सापळे, पिल्लांची चोरी, जंगल तोडून केलेली शेती, सारे चालू होते. डायन फॉसीचा लाडका ‘डिजिट’ १९७७ च्या अखेरच्या दिवशी मारला गेला. खुद्द फॉसीचा खून १९८५ मध्ये झाला. पुढे रवांडात यादवी आणि वंशसंहार. अशा मुलखात गोरिला संपायलाच हवा होता. पण अलीकडच्या गणनांत विरुंगा आणि ब्विंडी मिळून त्यांची संख्या १,०६३ भरली आणि २०१८ मध्ये त्यांचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. राखणदार रोज प्रत्येक कळपाचा माग काढतात, जखमी जनावरापर्यंत पशुवैद्य पोचतात, आणि गोरिला पाहायला येणाऱ्यांच्या पैशातला वाटा रवांडात २००५ पासून उद्यानाभोवतीच्या गावांना मिळतो. शाळा, पाणी, दवाखाने त्यातून होतात. गोरिला जिवंत असण्यात शेजारच्या शेतकऱ्याचा काही हिस्सा राहिला. या यशाला काळी किनारही आहे. युगांडात ब्विंडीचे उद्यान १९९१ मध्ये झाले तेव्हा तिथले बाट्वा लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या अरण्यातून बाहेर काढले गेले आणि भूमिहीन झाले. मढीच्या यात्रेतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला ही गोष्ट सांगितली तर ती त्याला परकी वाटणार नाही.

आणि थोडे पश्चिमेला, काँगोच्या पूर्व भागात, दुसऱ्या जातीच्या गोरिलाचे नेमके उलटे झाले. १९९०च्या दशकात त्यांची संख्या सुमारे १७,००० मानली जाई. २०२१ च्या सुधारित अंदाजाने ती ६,८०० वर आणली, आणि हा अंदाज आधीच्यापेक्षा बरा मानला गेला. तिथे युद्ध होते आणि जमिनीत कोल्टान होते. त्यातला धातू भ्रमणध्वनीत लागतो. खाणीवरच्या मजुरांना आणि बंदूकधाऱ्यांना मांस लागते. पाथर्डीच्या बाजारात हातोहात फिरणाऱ्या फोनचा आणि काँगोतल्या मृत गोरिलाचा असा संबंध आहे. मॅन्सफील्डला मारण्यासाठी निदान माळावर जावे लागे.

माळ मोडला म्हणजे तिथे वन्यजीव उरत नाही, असे मात्र समजू नये. जागा बदलली की पाहुणे बदलतात. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांत, दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले. ऊस बिबट्याला लपायला जागा देतो, गावची कुत्री त्याला अन्न देतात. बहुतेक काळ माणूस आणि बिबट्या एकमेकांना चुकवीत राहतात. पण नेहमीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पाथर्डी तालुक्यात मढी, केळवंडी आणि शिरापूर इथे बिबट्याने तीन लहान मुले नेली. त्या आठवड्यांत संध्याकाळ झाली की दारे लागत, शेतात पाणी धरायला कोणी जाईना. पिंजरे लागले, पथके आली. डिसेंबरात करमाळ्याकडे एक नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. ज्या आईचे मूल गेले तिच्यापुढे वन्यजीव रक्षणाचे व्याख्यान देण्याची आमची छाती नाही. एवढेच नोंदवतो की कोणाला न दुखावणारा, अन्नासाठी टोळ टिपणारा पक्षी ज्या बदलाने या मुलखातून गेला, त्याच बदलाने हे जनावर गावाच्या इतके जवळ आणले. आपण प्राणी नाहीसे केले असे म्हणतो तेव्हा खरे तर आपण कोणते प्राणी शेजारी ठेवायचे याची निवड करीत असतो, आणि ती निवड कोणी कधी सांगून-विचारून केलेली नसते.

माळढोकाच्या वाट्याला आता जो शेवटचा शत्रू आला आहे तो सर्वांत स्वच्छ दिसणारा आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरचे त्याला कमी दिसते. अंग जड, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. राजस्थानात सौर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांसाठी ओढलेल्या उच्च दाबाच्या तारांवर तो आपटून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्या न्यायनिवाड्यांत जी जमीन वादात आहे, तिलाही सरकारदप्तरी नाव आहे ते पडीकच.

जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथे माळावरून उचललेली अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवली जातात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कामात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. ती पिल्ले माणसाच्या हातचे खाऊन मोठी होतात आणि पुढे कोणत्या रानात सोडायची याचा विचार चालू आहे. नगरच्या माळाचे नाव त्या यादीत कोणी घेत नाही.